इनामगाव : शेती शिकलेलं आणि पुन्हा फिरतीवर गेलेलं गाव

शाळेच्या इतिहासात मानवी समाजाची वाटचाल शिडीसारखी मांडलेली असते. खालच्या पायरीवर शिकार आणि कंदमुळं, मग गुरं पाळणं, मग शेती, मग नगरं आणि सगळ्यात वर कारखान्याचं धुराडं. शिडी आहे म्हटल्यावर चढायचीच, असं आपण धरून चालतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर, या समजुतीला धक्का देणारं एक पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. इनामगावच्या लोकांनी साधारण नऊशे वर्षांत ही शिडी चढून दाखवली आणि त्यातल्या काही पायऱ्या उतरूनही दाखवल्या. ते का उतरले, आणि उतरले म्हणजे खरोखर मागे गेले का, हा या प्रकरणाचा विषय आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर हे त्याचे सूत्रधार. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक उत्खननांत उभा चर घ्यायचा, थर मोजायचे, खापरांवरून काळ ठरवायचा आणि पुढच्या टेकाडाकडे वळायचं, अशी पद्धत होती. इनामगावला त्यांनी आडवं खणलं, म्हणजे एकाच काळाची मोठी जागा उघडी केली. शंभराहून जास्त घरं त्यामुळे हाती आली. कोण कुणाच्या शेजारी राहत होतं, धान्य कुठे साठवलं जायचं, मेलेल्याला कुठे पुरायचे हे दिसू लागलं. ताम्रपाषाण युगातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातलं, एक अख्खं गाव इतक्या तपशिलात महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच समोर आलं असेल.

काळाचे तीन टप्पे पडतात. इ.स.पू. १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा आद्य जोर्वे आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेरजवळ प्रवरेकाठी असलेलं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये खणताना काळ्या नक्षीची तांबडी, वाजवली तर खणखणणारी भांडी मिळाली आणि संस्कृतीला तेच नाव पडलं. नेवासे, दायमाबाद, चांडोली, नाशिक अशा अनेक ठिकाणी ही भांडी सापडतात.

पहिल्या टप्प्याच्याही आधीचं थोडं सांगायला हवं. या खोऱ्यात माणूस नवा नव्हता. घोडला मिळणाऱ्या कुकडी नदीवर जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत दगडी हत्यारं मिळाली आहेत. त्या राखेचं वय किती यावर अभ्यासकांचे बरेच वाद झाले, पण हत्यारं फार जुनी आहेत याबद्दल शंका नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली आहे. म्हणजे शेती येण्याआधीची कित्येक हजार वर्षं इथले लोक शिकार करत, फळं-कंद गोळा करत फिरत होते, आणि त्यांना नक्षी काढायला सवड होती.

यातली गंमत अशी की, इनामगावात या फिरत्या लोकांनी एके दिवशी बी पेरलं आणि ते शेतकरी झाले, असं काही दिसत नाही. शेती इथे तयार होऊन आली. माळवा पद्धतीची भांडी, जव-गव्हाचं ज्ञान, गुरं आणि कुडाची घरं हे सगळं नर्मदेकडच्या वसाहतींशी, नावडातोलीसारख्या गावांशी नातं सांगतं. प्रवरेकाठच्या दायमाबादला तर त्याआधीच सावळदा संस्कृतीची आणि उत्तर हडप्पा काळातली वस्ती होऊन गेली होती. म्हणजे आपल्या भागात शिकारीकडून शेतीकडे झालेला बदल हा बराचसा माणसं आणि बियाणं यांच्या स्थलांतराचा इतिहास आहे. शिडीच्या चित्रात ही गोष्ट कुठेच बसत नाही, कारण शिडीवर प्रत्येक समाज आपापला चढतो असं गृहीत धरलेलं असतं.

आता गाव पाहू. आद्य जोर्वे काळ हा इनामगावचा भरभराटीचा काळ. घरं चौकोनी, साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. खाली बुटकी मातीची भिंत, वर कूड, त्यावर गवती छप्पर. घरांच्या ओळी होत्या आणि दोन घरांमध्ये बोळ सोडलेले होते. अंगणात चुली. घरात चार चपटे दगड मांडून त्यावर मोठा रांजण ठेवायची सोय होती. कणगी, म्हणजे धान्याची मोठी टोपली, ठेवायला मातीचे गोल ओटे आणि जमिनीत पेवं, म्हणजे धान्याचे खड्डे. कणगी आणि पेव हे दोन्ही शब्द ज्यांच्या घरात आजोबांच्या पिढीपर्यंत वापरात होते, त्यांना हे गाव परकं वाटणार नाही. कुंभार, चुना भाजणारे, सोनं आणि हस्तिदंताचं काम करणारे यांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती, तर सधन घरं मध्याकडे. गोल भट्टी मिळाली आहे, आणि तिच्यात भाजलेली भांडी पुढच्या काळातल्या भांड्यांपेक्षा सरस आहेत.

मुख्य पीक जव. सोबत गहू, मसूर, हुलगा, वाटाणा, लाखेची डाळ. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून एम. डी. काजळे यांनी ही यादी लावली. शिरूर तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाला सरासरी सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस, तोही लहरी. जव आणि गहू ही रब्बीची पिकं, आणि त्यांना पाऊस सरल्यावर ओल लागते. या गावाने ती ओल मिळवण्यासाठी जे केलं, ते मला या सगळ्या उत्खननातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी सुमारे २४० मीटर लांबीचा दगड-मातीचा बांध घातला आणि पुराचं पाणी वळवायला सुमारे २०० मीटर लांब, चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल पाट खणला. लोखंड नव्हतं. तांबं होतं, पण छिन्न्या, गळ, बांगड्या, मणी एवढ्यापुरतंच. रोजचं काम गारगोटीच्या पात्यांवर आणि घासलेल्या दगडी कुऱ्हाडींवर चालायचं. जवळच्या वाळकीला तर गुराच्या हाडाचा फाळ मिळाला आहे. अशा अवजारांनी हा पाट खणायचा म्हणजे कुणीतरी गावाला एकत्र आणून कामाला लावलं पाहिजे, आणि कामाच्या दिवसांत पोटाला घातलं पाहिजे.

ते कुणीतरी कोण, याचाही पुरावा आहे. एक पाचखोली घर, त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. ढवळीकरांनी हे गावप्रमुखाचं घर मानलं आणि कोठारात वसुलीचं धान्य येत असावं, असा अंदाज बांधला. प्रमुख, कोठार, पाट, कारागिरांची वेगळी आळी हे सगळं एकत्र ठेवलं की पुढच्या राज्यसंस्थेचा कच्चा आराखडा दिसतो. नगर मात्र झालं नाही. पाच हेक्टरांच्या आसपासचं हे गाव गावच राहिलं.

मेलेल्यांबद्दल दोन शब्द, कारण पुढच्या वादात ते लागणार आहेत. लहान मुलांना दोन कुंभांत घालून, कुंभांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्याच जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. मोठ्या माणसाला उत्तर-दक्षिण आडवं निजवत आणि घोट्याखालचे पाय तोडत. मेलेला उठून घर सोडून जाऊ नये म्हणून, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. खरं-खोटं तेच जाणोत, पण ज्या लोकांना मृतांनी सुद्धा गाव सोडू नये असं वाटत होतं, त्यांचंच गाव पुढे सुटलं.

इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र बदलतं. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या बहुतेक जोर्वे वसाहती याच सुमारास ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यातल्या काही तगल्या, त्यातलं इनामगाव एक. पण तगलेलं गाव पूर्वीचं नव्हतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, तीन-चारांच्या पुंजक्यांनी. भांडी जाडीभरडी झाली, नक्षी ओसरली. गहू मागे पडला. हाडांच्या ढिगात गाई-बैल कमी झाले, शेळ्या-मेंढ्या आणि हरणासारखी रानटी जनावरं वाढली. उत्खनन करणाऱ्यांनी आसपासच्या भटक्या जमातींच्या झोपड्यांशी या गोल झोपड्यांची तुलना केली आणि निष्कर्ष काढला की हे लोक आता अर्धभटके झाले होते. वर्षाचा काही काळ इथे, बाकी काळ जनावरांमागे. इ.स.पू. ७०० च्या सुमारास त्यांनी गाव कायमचं सोडलं.

या बदलातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणून मी जनावरांच्या हाडांकडे बोट दाखवेन. बैल हा शेतीचा पाया, पण त्याला एका जागी भरपूर चारा-पाणी लागतं. सलग दोन-तीन वर्षं ओढीची गेली की बैल जगवणं म्हणजे माणसाच्या तोंडचं काढून त्याला घालणं. शेळीचं तसं नाही. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला यांवर ती निभावते, लवकर विते आणि मुख्य म्हणजे चालते. चारा तिच्याकडे आणावा लागत नाही, तिला चाऱ्याकडे नेता येतं. बैल विकून किंवा गमावून शेळ्या धरणारं कुटुंब दुष्काळी भागात आजही दिसतं, आणि ते कुटुंब मागासलं, असं त्याच्या तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. इनामगावच्या उत्तर जोर्वे पिढ्यांनी तीनशे वर्षं हेच केलं. इंग्रजांचं राज्य या भागात त्याच्या निम्मंही टिकलं नाही.

कारणाबद्दल मात्र एकमत नाही. ढवळीकरांचं म्हणणं हवामानावर उभं आहे. इ.स.पू. १००० च्या आसपास पर्जन्यमान घटलं, शेती परवडेना, लोक पशुपालनाकडे वळले. ही मांडणी सुटसुटीत आहे आणि एकाच वेळी इतकी गावं का ओस पडली याचं उत्तर देते. पुढे इनामगावच्या सांगाड्यांचा, विशेषतः कुंभांतल्या मुलांच्या हाडांचा, नव्याने अभ्यास झाला. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी दातांवर काम केलं. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या वाढीचा अभ्यास करून एकट्या अवर्षणावर बोट ठेवणाऱ्या मांडणीला हरकत घेतली. त्यांच्या मते हा प्रदेश आधीपासूनच कोरडा होता. शेतीने जमिनीवर पडलेला ताण, वाढती जन्मसंख्या आणि बालमृत्यू यांचा हिशेब मांडल्याशिवाय गाव का मोडलं हे कळणार नाही.

मला दोन्हींत दुसरी मांडणी जास्त पटते, पण पुरती नाही. पाट आणि बांध नीट आठवा. तो पाट काही वर्षांतून एकदा गाळ उपसल्याशिवाय चालत नाही. गाळ उपसायला गाव एकत्र यावं लागतं, एकत्र यायला कोठारात धान्य लागतं, आणि धान्याला पाट. या साखळीतली एक कडी कशानेही तुटली, अवर्षणाने, जमीन खारावल्याने, साथीने किंवा भांडणाने, की बाकीच्या आपोआप सुटतात. म्हणून नेमकं पहिलं कारण शोधण्यापेक्षा ही रचना किती नाजूक होती, हे पाहणं जास्त फलदायी आहे. जितकं स्थिर गाव, तितकं ते एका नदीवर, एका पाटावर, एका कोठारावर अवलंबून.

एक पुरावा कुठल्याच मांडणीत सहज बसत नाही. उत्तर जोर्वे काळातल्याच एका पाचखोली घराच्या अंगणात चार पायांचा, मोठ्या पोटाचा, न भाजलेला मातीचा रांजण मिळाला. त्यात सुमारे चाळिशीचा पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला होता. त्याचे पाय तोडलेले नव्हते. सोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली. म्हणजे भांडी भरड झाली, झोपड्या गोल झाल्या, तरी मान असलेला माणूस होताच, आणि त्याचा मान त्याच्याबरोबर पुरला गेला. गरिबी वाढली की विषमता कमी होते, असं समजणाऱ्यांनी हा रांजण जरूर पाहावा.

इनामगाव सुटल्यावर पुढे काय झालं? काही शतकं या खोऱ्यात स्थिर गावं दिसेनाशी होतात. विदर्भात मात्र याच सुमारास लोखंड आलं. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे, माहुरझरीला शिळावर्तुळांखाली घोड्यांचे अवशेष आणि साज. ही माणसंही बरीचशी फिरती, गुरं-घोडे पाळणारी असावीत, कारण दफनं ढिगाने मिळतात आणि घरं मोजकी. लोखंड हे भटक्यांच्या हातांत आधी आलं असेल, तर ‘आधी स्थैर्य, मग तंत्रज्ञान’ हा क्रमही डळमळतो. लोखंडाच्या फाळाने काळी भारी जमीन नांगरता येऊ लागली आणि नदीकाठ सोडून आतल्या बाजूला शेती सरकली. सातवाहन काळात जुन्नर, पैठण, तेर ही व्यापारी नगरं उभी राहिली. नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे माल उतरू लागला. पण नगरं आली म्हणून फिरस्ते संपले नाहीत. लमाणांचे तांडे, मेंढपाळांचे वाडे, गारुडी, नंदीवाले, वडार यांच्याशिवाय मीठ हलत नव्हतं, विहिरी खोदल्या जात नव्हत्या, शेताला खत मिळत नव्हतं. पावसाळा माणदेशात आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे, ही धनगरांची चाल आजही संपलेली नाही. मेंढरं रात्रभर शेतात बसवायची आणि बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, या व्यवहारात शेतकरी आणि भटका एकमेकांचे भागीदार असतात.

या भागीदारीला इंग्रजी राज्यात तडा गेला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे इकडेही लागू झाला, आणि फिरत्या माणसाची पोलिसांकडे हजेरी सुरू झाली. आपल्या शिडीचं कायदेशीर रूप म्हणजे हा कायदा. जो स्थिर नाही तो खालच्या पायरीवरचा, आणि खालच्या पायरीवरचा तो संशयित. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे या जमातींना ठेवायची वसाहत, वसवली आणि आतले लोक कापड गिरण्यांत कामाला जाऊ लागले. भटकेपणातून थेट कारखान्यात, मधली शेतीची पायरी गाळून. हा कायदा १९५२ साली रद्द झाला.

घोड-भीमेच्या शेतकऱ्यांकडे औद्योगिक क्रांती आली ती मात्र यंत्राच्या रूपात नाही, कर्जरोख्याच्या रूपात. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. मुंबई इलाख्यातल्या कापसाचा भाव चढला, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, शेतसारा उलट वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, शिरूरसुद्धा त्यात होतं. १८७९ मध्ये सरकारला दख्खन शेतकरी संरक्षण कायदा करावा लागला. मुंबईत तोवर गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या गिरणीचं सूत १८५६ ला निघालं, आणि तिथे कोकण-घाटावरून गेलेला कामगार पेरणीला, सणाला, लग्नाला गावी परतत होता. त्याचंही एक पाऊल कायम रस्त्यावर.

आज शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, धरणांचं पाणी आहे, ऊस आहे, साखर कारखाना आहे. जिथे जवासाठी पाट खणला गेला होता, त्या खोऱ्यात आता उसाला बारमाही पाणी लागतं. आणि तो ऊस तोडायला बीड, नगरच्या दुष्काळी पट्ट्यातून दरवर्षी टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आणि कारखान्याच्या आवारात किंवा शेताच्या कडेला उभारलेली कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. ही माणसं गावी शेतकरी आहेत, हंगामात औद्योगिक मजूर आहेत आणि राहणीने अर्धभटकी आहेत, तिन्ही एकाच वर्षात. इनामगावच्या उत्तर जोर्वे लोकांशी त्यांचं साम्य कोपीच्या आकारापुरतं. मोठा फरक हा, की त्या लोकांची जनावरं त्यांच्या मालकीची होती आणि पाऊस बघून कधी निघायचं ते तेच ठरवत. तोडणीवाल्यांचा निघायचा दिवस कारखान्याच्या गाळपाच्या तारखेवर ठरतो, आणि हंगाम संपताना उचल फिटली नसेल तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे परतावं लागतं.